फोनवरचा श्रोता सभागृहात आणायचा कसा

माझ्याकडे गाणं रेकॉर्ड करायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो. ‘ताई, व्हायरल कसं व्हायचं?’ मी त्यांना वेगळंच विचारते. समजा, उद्या सकाळी तुझ्या रीलला दहा लाख व्ह्यूज दिसले आणि दुपारी एखाद्या आयोजकाचा फोन आला, ‘शनिवारी पाऊण तास गाशील का?’ तर काय गाशील? बहुतेकांकडे स्वतःची दोन गाणी असतात. म्हणजे आठ मिनिटं. उरलेल्या सदतीस मिनिटांसाठी मी हे लिहिते आहे.

पुण्यात कर्वेनगरला माझी छोटी रेकॉर्डिंग रूम आहे आणि संध्याकाळी मी कार्यक्रमांचा साउंड करते. त्यामुळे फोनसमोर गाणारं पोर मला दिसतं, आणि तेच पोर पहिल्यांदा स्टेजवरच्या मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज ऐकतं तेव्हाही मी समोर मिक्सरवर असते. या दोन्हींमधलं अंतर कसं कापायचं हे शिकवता येतं. नशीब लागतंच, पण ते दारात येईल तेव्हा आपली तयारी किती असावी हे आपल्या हातात आहे.

शॉन मेंडिसचे टप्पे

उदाहरणादाखल मी नेहमी गायक शॉन मेंडिस घेते, कारण त्याच्या वाटचालीतले टप्पे स्वच्छ दिसतात. कॅनडात टोरोंटोजवळच्या पिकरिंगचा हा मुलगा, जन्म ऑगस्ट १९९८ चा. गिटार तो यूट्यूबवरचे धडे बघून शिकला. २०१३ मध्ये त्याने व्हाइन नावाच्या अ‍ॅपवर गाण्यांचे तुकडे टाकायला सुरुवात केली. तिथे व्हिडिओची मर्यादा होती ६ सेकंद. एक गिटार, एक आवाज आणि लोकांच्या आधीच ओठांवर असलेल्या गाण्याची एखादी ओळ. काही महिन्यांत लाखो लोक त्याला फॉलो करायला लागले. २०१४ मध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने त्याच्याशी करार केला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये पहिलं गाणं आलं आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिला अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

एवढं सगळ्यांना पाठ असतं. मधला भाग मात्र कुणी विचारत नाही. २०१४ मध्ये तो गायक ऑस्टिन माहोनच्या आणि २०१५ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्यात, मुख्य कलाकाराच्या आधी गाणारा म्हणून फिरला. म्हणजे दुसऱ्यासाठी तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर गावोगावी उभं राहायचं आणि मोजक्या वेळात त्यांना आपलं नाव लक्षात ठेवायला लावायचं. हे शिक्षण कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला त्याचा कार्यक्रम हाउसफुल झाला. जानेवारी २०१७ मध्ये व्हाइन बंद पडलं, तेव्हा त्याचं काहीच अडलं नाही. मार्च २०२५ मध्ये तो लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गायला, माझ्याकडची काही मुलं ऐकायला गेली होती.

आपल्याकडे काय झालं ते आठवा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गुणी मुलामुलींचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले आणि त्यांच्यापर्यंत पुन्हा पोचायला हातात ना फोन नंबर होता ना ईमेल. म्हणून माझं सांगणं एकच आहे. फोनवर मिळालेला श्रोता लवकरात लवकर अशा ठिकाणी आणा जिथे तो तुमचं अख्खं गाणं ऐकेल, आणि मग अशा ठिकाणी, जिथे तुम्ही एकमेकांना दिसाल.

घरी रेकॉर्ड करताना

पुण्यात घरी रेकॉर्डिंग करायचं तर आधी वेळ शोधावी लागते. पेठांत आणि जुन्या सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ही सर्वात शांत वेळ. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला आणि शाळेच्या रिक्षा असतात, संध्याकाळी हॉर्न. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीपात्राजवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळचा विचारच करू नये, कारण ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. ढोलाचा खर्ज भिंतीतून आत येतो, तो गादी-उशी लावून अडत नाही. त्या दिवसांत गाणी लिहा.

खोली रिकामी आणि फरशीची असेल तर आवाज घुमतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे जाड गोधडी, पण ती टांगायची कुठे हे महत्त्वाचं. बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. गाण्याचा माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या पाठीमागची भिंत, दोन्ही. म्हणून गोधडी आधी गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलात तरी चालेल.

नुसत्या फोनवर रेकॉर्ड करत असाल तर फोन जवळ घ्या. अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. चार फुटांवरून चेहरा छान दिसतो आणि आवाज बाथरूममधला येतो. उपाय सोपा आहे. चित्र एका फोनवर घ्या आणि आवाज दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर, तोंडाजवळ. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवर दोन्ही जुळवा. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, व्हिडिओशी तो नीट बसतो. पातळी इतकीच ठेवा की सर्वात मोठ्या ओळीलाही लाल दिवा लागणार नाही.

पहिला माइक कुठला घ्यावा, हा वाद माझ्या खोलीत नेहमी होतो. माझं मत पक्कं आहे: शुअरचा एसएम५८ किंवा त्याच जातीचा डायनॅमिक माइक. स्टुडिओतल्या नाजूक कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून येणारी वीज, लागते, आणि तो शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा ऐकतो. शिवाय पुण्यातल्या बहुतेक स्टेजवर तुमच्या हातात हाच एसएम५८ येणार आहे. घरी त्याच्यावर सवय झाली की ‘प’ आणि ‘फ’चा फटका कसा चुकवायचा, वरच्या सुराला माइक किती दूर न्यायचा, हे आपोआप हातात बसतं. केबल, जॅक, स्टँड यांसाठी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एक चक्कर मारा, आणि घेतलेली केबल दुकानातच लावून बघा.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगते. एखादा निसटलेला सूर जागेवर आणायला माझी हरकत नाही. अख्खी ओळच मशीनने गायली असेल तर तो व्हिडिओ टाकू नका. तो गाजला तर लोक तोच आवाज ऐकायला येतील, आणि तो तुमच्याकडे नसेल.

पहिला सेकंद, आणि कुणाचं गाणं

व्हिडिओची सुरुवात गाण्याने करा. ‘हॅलो फ्रेंड्स’ नको, गिटारचे चार बार (तालाची चार आवर्तनं) नकोत, ट्यूनिंग तर नकोच. ज्या ओळीसाठी गाणं गायलं तीच ओळ पहिल्या सेकंदाला हवी. जागा, उजेड आणि फ्रेम शक्यतो तीच ठेवा, म्हणजे अंगठ्याने वर सरकवणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी चेहऱ्याआधी खोली ओळखतो आणि थांबतो. आठवड्यातून दोन व्हिडिओ, ठरलेल्या दिवशी. कॉलेजमधल्या मुलाला रोज जमत नाही, आणि जमवायला गेलं तर आवाज बसतो.

सुरुवातीला इतरांची गाणी गायलाच हवीत. अनोळखी माणसाचं अनोळखी गाणं ऐकायला कुणी थांबत नाही. पण दर तीन व्हिडिओंत एक स्वतःचं, हे प्रमाण पहिल्या महिन्यापासून ठेवा. नाहीतर लोक तुम्हाला ‘ते गाणं छान म्हणणारी मुलगी’ म्हणून ओळखतात आणि स्वतःचं गाणं आलं की गप्प होतात. हे मी माझ्या खोलीतल्या गुणी मुलांच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे.

हक्कांचं भान पहिल्या दिवसापासून ठेवा. यूट्यूबवर कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात, टाकलं की बऱ्याचदा मूळ हक्कदाराचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जातात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तुम्हाला तिथून श्रोते हवे आहेत. पण तेच कव्हर स्पॉटिफायवर विकायचं असेल तर परवाना हवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रण निघालं ते वर्ष संपून पाच वर्षं व्हावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते.

याहून चांगला रस्ता मराठीत उघडा आहे. कवी गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याचे शब्द सर्वांचे होतात. तुकोबांचे अभंग, केशवसुत (निधन १९०५), बालकवी (निधन १९१८) यांचे शब्द तुम्ही घेऊ शकता. मात्र लोकांच्या कानात बसलेली चाल एखाद्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर त्याचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क असू शकतो. म्हणून शब्द जुने घ्या, चाल स्वतःची बांधा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितेला परवानगी लागेल. तुकोबांच्या एखाद्या अभंगाला ओव्हरड्राइव्हची, म्हणजे करकरीत आवाजाची, गिटार लावून, मनापासून, स्वतःच्या चालीत गाऊन बघा. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना शब्द ओळखीचे आणि चाल नवी. सुरुवातीला याहून मोठी मदत नाही.

मराठी शब्द आणि रॉकची चाल

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण बरीच चांगली गाणी इथेच फसतात. मुलं इंग्रजी गाण्याच्या धर्तीवर आधी ‘ला ला ला’ करून चाल बांधतात आणि मग त्यात मराठी शब्द कोंबतात. ओळ मोजून बसते, पण ऐकताना खटकते.

पहिलं कारण ऱ्हस्व-दीर्घ. कोरसच्या, म्हणजे ध्रुवपदाच्या, वरच्या सुरावर ‘मन’ दोन सेकंद ताणलंत की ऐकणाऱ्याला ‘मान’ ऐकू येते. ‘घर’ची ‘घार’ होते, ‘कळ’चा ‘काळ’ होतो. लांब सुराखाली असं अक्षर द्या जे मुळातच लांब आहे: ‘वाट’मधला ‘वा’, ‘आभाळ’मधला ‘भा’, ‘दूर’, ‘ये’, ‘जा’. ‘मन’ म्हणायचंच असेल तर ते लहान सुरावर म्हणा आणि ताण पुढच्या शब्दावर द्या: ‘मन राहिलं’, लांबवायचं ते ‘रा’.

दुसरं, श्वास. बारच्या शेवटी श्वास घ्यायची सवय लागते आणि जोडीने येणारे शब्द एकमेकांपासून तुटतात. ‘तुझ्या’ म्हणून श्वास आणि मग ‘खिडकीत’. बोलताना आपण तिथे कधी थांबत नाही. ओळ आधी मोठ्याने, मैत्रिणीला सांगितल्यासारखी बोला. जिथे बोलताना थांबता तिथेच गाताना थांबा, आणि त्यासाठी चाल हलवावी लागली तर चाल हलवा.

तिसरं, ‘ळ’, ‘र’ आणि ‘त’. परदेशी गायकांचं ऐकून ऐकून मुलं ‘ळ’ अर्धा गिळतात, ‘र’ जिभेच्या मागून काढतात आणि ‘त’ला ‘ट’कडे नेतात. ‘पावसाळा’ स्वच्छ म्हटला तर गाणं कमी रॉक होत नाही. मायबोलीतलं टणक अक्षर ड्रमच्या ठोक्यावर पडलं की जी ताकद येते ती दुसरीकडून येत नाही, ढोल-ताशाच्या गावात वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये.

विषय? तुम्हाला पोटातून माहीत असलेला. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमधून केलेला ब्रेकअपचा फोन, एमपीएससीचा निकाल लागला त्या संध्याकाळची अभ्यासिका, हॉस्टेलच्या गच्चीवरचा पहिला पाऊस. जळगावकडच्या संजू राठोडचं गाणं २०२४ मध्ये रील्सवरून देशभर गेलं आणि भाषा मराठीच होती. भाषा आड येत नाही.

आठ-नऊ गाणी होईपर्यंत लिहीत राहा. त्यातली चार टाकून द्यावी लागतील, म्हणून तेरा लिहा.

आकडे

व्ह्यूज बघून झोप उडवू नका. चार गोष्टी बघा: किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं, किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, आणि ऐकणारे कुठल्या शहरातले आहेत. शहरांची यादी सर्वात मोलाची. पुण्यानंतर कोल्हापूर आणि नाशिक दिसायला लागलं की पुढचे कार्यक्रम कुठे करायचे ते तुम्हाला कळलं.

प्रोफाइलवर एकच लिंक ठेवा आणि ती तुमच्या स्वतःच्या यादीकडे जाऊ द्या, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप. यादीवर आलेल्याला नवं गाणं सर्वांच्या एक दिवस आधी ऐकवा. यादीतले दोनशे लोक मला दोन लाख फॉलोअर्सपेक्षा जास्त वाटतात, कारण त्यातले साठ-सत्तर खरंच घरातून निघतात.

यूट्यूबचे पैसे हवे असतील तर अट माहीत असू द्या: जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याचे वर्षभरात १,००० स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्याचे पैसे मोजलेच जात नाहीत. म्हणून दर आठवड्याला एक अर्धवट गाणं सोडण्यापेक्षा दोन महिन्यांनी एक पूर्ण गाणं सोडा, आणि ते प्लेलिस्टसाठी किमान सात दिवस आधी स्पॉटिफायला सुचवा.

स्टेजची तयारी

पाऊण तास म्हणजे नऊ गाणी आणि मधलं बोलणं. ती नऊ गाणी न थांबता, उभं राहून, गिटार गळ्यात घालून आठवड्यातून तीनदा म्हणा. चुकलं तरी थांबायचं नाही. पलंगावर बसून गाणं आणि उभं राहून गाणं यांत श्वासाचा फरक पडतो, आणि सहाव्या गाण्यानंतर घसा काय म्हणतो ते सलग म्हटल्याशिवाय कळत नाही. सर्वात उंच गाणं शेवटी ठेवायचा मोह होतो. ते चौथं ठेवा. शेवटी असं गाणं हवं जे लोक तुमच्याबरोबर म्हणतील, म्हणजे घसा थकला तरी सभागृह तुम्हाला सांभाळून घेतं.

सकाळी खर्जाचा रियाज करा. वीस मिनिटं खालचे सूर, सावकाश. शास्त्रीय शिकलेली मुलं रॉककडे वळली की हे सोडतात. सोडू नये. किंचाळल्यासारखा ऐकू येणारा सूरसुद्धा पोटाच्या आधारावर काढायचा असतो, आणि तो आधार खालच्या सुरांतून येतो.

स्टेज कुठे मिळेल? पुण्यात याबाबत फार सोय आहे. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सुरुवात करा. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी तुमच्या कॉलेजची टीम बसत असेल तर संगीताच्या बाजूने तिच्यात शिरा; नाटक, नृत्य, चित्र सगळं एका वेळी चालू असताना मोजून सेकंदावर वाजवायला शिकाल. कॅफेंमधल्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गायच्या संध्याकाळींना, जा, पण दोन गाणी म्हणून लगेच पळू नका, शेवटपर्यंत बसून इतरांना ऐका. पुढचा ड्रमर तिथेच भेटतो. सोसायटीच्या गणपतीत गा. तिथला प्रेक्षक वडापाव खात, मुलांना हाका मारत ऐकतो. त्याला तीन मिनिटं गप्प करू शकलात तर कुठेही गाल. मेंडिस दुसऱ्याच्या दौऱ्यात जे शिकला ते शिकायचं ठिकाण आपल्याकडे हे आहे. पुण्याच्या जुन्या बँडना लिहा आणि त्यांच्या कार्यक्रमाआधीची वीस मिनिटं मागा. अग्नीसारखा बँड याच शहरातून पुढे गेला, एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये इथेच सुरू झाला. रॉक ऐकणारं गाव आहे हे, मागायला संकोच नको.

साउंडवाल्याशी बोलायला शिका. हे मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाही, तुमच्या गाण्यासाठी सांगते. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी एका पानाची इनपुट लिस्ट पाठवा: माइक किती, गिटार डीआय बॉक्समधून (थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) की अ‍ॅम्पमधून, कीबोर्ड स्टीरिओ की मोनो, कोण कुठे उभं राहणार. साउंडचेकला सर्वात मोठी ओळ पूर्ण आवाजात म्हणा. तिथे पुटपुटलात आणि कार्यक्रमात ओरडलात तर स्पीकरमधून शिट्टी येणारच. माइकची जाळी मुठीत धरू नका आणि माइक मॉनिटरकडे वळवू नका. मॉनिटरमध्ये काय हवं ते नेमकं सांगा: ‘माझा आवाज वर, गिटार थोडी खाली.’ ‘मजा येत नाहीये’ यावरून मला कुठलंच बटण फिरवता येत नाही.

मन थकतं, याकडेही बघा. जुलै २०२२ मध्ये मेंडिसने मानसिक स्वास्थ्यासाठी जगभरचा दौरा मधेच रद्द केला, तेव्हा त्याच्यामागे मोठी यंत्रणा होती. तुमच्यामागे आईबाबा आणि दोन मित्र आहेत. कमेंट्स स्वतः वाचू नका. एका विश्वासू मित्राला वाचायला द्या, त्याने कामाच्या तेवढ्या सांगाव्यात. परीक्षेच्या महिन्यात व्हिडिओ थांबवले तर खरा श्रोता जात नाही.

फोन आला की

कंपनीचा, मॅनेजरचा, एजन्सीचा. आनंद करा आणि त्याच दिवशी सही करू नका. तुम्ही १८ पूर्ण केली नसतील तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तुमचा स्वतःचा करार टिकतच नाही, आईवडिलांना सोबत बसवा. मोठे असलात तरी वकिलाला दाखवा. तीन प्रश्न विचारा: मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाच्या मालकीचं, किती वर्षांसाठी, आणि या काळात मी स्वतःच्या पेजवर काय टाकू शकतो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द एका ओळीत आले की पेन खाली ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला स्वतःचंच गाणं स्वतःच्या पेजवरून काढावं लागलं होतं, ते गाणं तिला सुचलं त्या रात्री मी तिच्याशी फोनवर बोलत होते. म्हणून एवढं आग्रहाने लिहिते.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे, कुणी ‘सोडून द्या’ म्हणालं तरी तो तसा सोडता येत नाही. तो मिळावा म्हणून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे. आणि बँडमध्ये कुणी काय लिहिलं, किती टक्के, हे गाणं पूर्ण झालं त्याच संध्याकाळी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. मैत्री असते तेव्हाच हे सहज होतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी क्रमांक मिळतो, गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडून मिळालेला तो जपून ठेवा, आणि गाण्याचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने टाका.

पहिला तिकिटाचा कार्यक्रम

जागा लहान घ्या. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा अशीच एखादी छोटी जागा, दोन गिटार, कहोन (खोक्यासारखं तालवाद्य) आणि तुम्ही. बालगंधर्वचं स्वप्न असू द्या, पण ऐंशी माणसं छोट्या सभागृहात गच्च वाटतात आणि मोठ्या सभागृहात ती हरवून जातात. तिकीट ठेवाच, कमी असलं तरी. फुकट ठेवलेल्या कार्यक्रमाला येतो म्हणालेले निम्मे लोक पाऊस पडला की येत नाहीत.

आधी तुमच्या यादीला कळवा, तीन आठवडे आधी, आणि त्यांना दोन दिवस एकट्यांना तिकीट घेऊ द्या. मग रील टाका, आणि त्यात जे गाणं पहिल्यांदा स्टेजवर गाणार आहात त्याची एक ओळ म्हणा. सात वाजता सुरू करा, सातलाच. उघड्यावर असाल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि साउंडचेक नेहमीच लांबतो. स्टेजवरून गाण्यांच्या मधे एकदा तरी सांगा की हे गाणं कसं झालं. फोनवर ओळखणाऱ्यांना तेवढ्यासाठीच यायचं असतं. दाराशी मित्राला वही घेऊन उभं करा, ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांची नावं आणि नंबर तो घेईल.

संपल्यावर आधी वादकांचे पैसे द्या, मग साउंडचे, मग जागेचे. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि हे सकाळीच सांगून ठेवा, रात्री सामान आवरताना नाही. त्यातलं सर्वात चांगलं गाणं दोन दिवसांत मिक्स करून टाका, टाळ्यांसकट. कोपऱ्यात पुढच्या कार्यक्रमाची तारीख असू द्या.